पावणेपाच, साडेपाच की साडेसात

जयंतच्या परवानगीची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपत होती आणि बुधवार उजाडला तरी नळी किती लांब घ्यायची हे त्याचं ठरलं नव्हतं.

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या नेमबाजी क्लबात तो तीन वर्षं नेमाने जात होता. परीक्षा, तपासण्या, अर्ज सगळं पार पडून त्याला एक सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर विकत घ्यायची परवानगी मिळाली होती. प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो, ती जुन्या चालीची. विकत घ्यायला मुदत एक वर्ष. तेवढ्यात लोक घर बांधून राहायलाही जातात. पण नळ्या तीन लांबीच्या मिळत होत्या, पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंची, आणि जयंत पडला ब्रेकच्या चाचण्या घेणारा इंजिनिअर. त्याने तक्ता केला.

त्या तक्त्याबद्दल आदरानेच बोललं पाहिजे. त्यात एकेचाळीस रकाने होते. वजन, तोल, थंडीने बोटं आखडल्यावर पडणारा फरक, जेवणाआधीचा नेम आणि जेवणानंतरचा. नुसत्या आकड्यांवर भागेना, तेव्हा हाताला अंदाज यावा म्हणून त्याने लाकडी नमुने करायला घेतले. साडेसात इंची नळीसाठी सरळ, गोल, गुळगुळीत असं लाकूड घरात एकच होतं.

"जयंत, माझं लाटणं कुठंय?" त्याच्या बायकोने, सुरुचीने, विचारलं.

"ते सध्या टेस्टिंगला आहे."

"ते शिसवी लाटणं मी पुण्याहून आणलंय. एअरपोर्टवर सिक्युरिटीवालीशी हुज्जत घालून."

"आल्झो, म्हणजे, एकच टोक कापलंय गं. पोळ्या होतील. जरा लहान होतील, इतकंच."

त्या वर्षी त्या घरात पोळ्या खरोखरच लहान झाल्या. लेकीला, अन्वीला, विचारलं तर ती तक्त्याकडे न बघता "एगाल, पापा" म्हणायची. म्हणजे कोणतीही घ्या, मला काय. सुरुची मात्र बुधवारी स्पष्टच बोलली.

"मुदत संपली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुझं ठीक आहे, पण मला हे आणखी एक वर्ष ऐकवणार नाही."

क्लबात जयंत तक्ता सगळ्यांना दाखवी. हेर ब्रांडलना, म्हणजे ब्रांडलसाहेबांना, मात्र त्याने तो सगळ्यांत शेवटी दाखवला. ब्रांडल एकोणऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांच्याकडे तीच एक पावणेपाच इंची. मुठीचं अक्रोडी लाकूड त्यांच्या तळव्याने झिजून खोलगट झालेलं. ते नेम धरून उभे राहिले की क्लबातल्या गप्पा आपोआप थांबत. घोड्याचा टक आवाज, मग गोळी, पुन्हा टक. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जात. जयंत ते पाहताना देवळात उभं राहावं तसा उभा राही. आणि त्याच्या तक्त्यात पावणेपाच इंची शेवटची आली होती. ब्रांडलनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले, "गेनाऊ" म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले आणि एक प्रत मागून घेतली. जयंतला धन्य वाटलं.

शुक्रवारी दुपारी शेवटची बेरीज झाली. साडेसात इंची अर्ध्या गुणाने जिंकली. पावणेसहाला तो डॅन्यूबपलीकडच्या दुकानात धापा टाकत पोचला.

"साडेसात इंची द्या," तो म्हणाला. एवढं म्हणायला त्याला एक वर्ष लागलं होतं.

"संपल्या," दुकानदारबाई फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

"मग साडेपाच?"

"त्याही. नव्या यायला दोन महिने लागतील." त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे त्याचा तक्ता प्लॅस्टिकमध्ये घालून लावला होता, खाली त्याचं नाव. "तुमच्या क्लबातले लोक हा कागद घेऊन येतात आणि पाच मिनिटांत ठरवून जातात. तीस वर्षांत असं पाहिलं नाही मी. शेवटची साडेसात इंची आज सकाळी हेर ब्रांडलनी नेली."

"ब्रांडलनी?"

"हो. म्हणाले, चाळीस वर्षं चुकीची नळी वापरली. जुनी इथेच विकून गेले. तेवढी एकच शिल्लक आहे, आणि कॅलिबर तुमच्या परवानगीतलंच आहे."

त्यांनी हिरव्या कापडावर ती ठेवली. अक्रोडी मूठ जयंतने लगेच ओळखली. हातात घेतली तेव्हा त्याचा तळवा त्या खोलगट जागेत अलगद बसला. तक्त्यातला एकही रकाना त्याला आठवेना. सहाला पाच मिनिटं होती. त्याने सही केली.

रविवारी सुरुचीही क्लबात आली. आपलं एक वर्ष कशाने खाल्लं ते तिला पाहायचं होतं. ब्रांडलनी नवी साडेसात इंची उचलली आणि गप्पा थांबल्या. पाच गोळ्या झाल्या. पाच भोकं कागदाच्या पाच दिशांना पडली होती. म्हातारबुवांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवली आणि ते जयंतजवळ आले.

"तुमचा तक्ता बरोबर आहे," ते म्हणाले. "माझा हातच त्यात बसत नाही. आपण अदलाबदल करू या का? तुम्हाला साडेसातच हवी होती. सावकाश विचार करून सांगा."

सुरुचीने डोळे मिटले. आणखी एक वर्ष तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"नाही," जयंत म्हणाला. "दर रविवारी इथे चालवायला देईन. पण बदलणार नाही."

ब्रांडलनी हसून मान हलवली. "गेनाऊ. आता मीही नसती दिली."

सुरुची नवऱ्याकडे बघतच राहिली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि हा माणूस एका श्वासात काही ठरवू शकतो हे तिला आज कळत होतं. तिला त्याचा चक्क अभिमान वाटला. परतताना गाडी ती चालवत होती.

"तुला नवं लाटणं घेऊ या," जयंत म्हणाला. "किती लांबीचं हवं?"

त्याचा हात खिशातल्या फोनकडे जायच्या आत ती म्हणाली, "अकरा इंची. आणि तक्ता नको."