सांत्वनाला निघालेले भालेघरे काका

आमच्या इमारतीतले भालेघरे काका पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि पडलेला चेहरा अशा थाटात जिना उतरायला लागले की समजावं, कुणीतरी गेलंय. कधी गेलंय, हे मात्र विचारून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा त्या गोष्टीला ऐंशी-शंभर वर्षं झालेली असतात.

"चला बाई, स्कूटर काढा," ते मला म्हणतात. "मुंढव्याला जायचंय. एक हवालदार वारले."

"कशानं?"

"विषमज्वर. तिकडं इराकात, बसऱ्याला."

माझी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारी मी मोकळी असते असा काकांचा समज आहे. शाळेतल्या बाईंना सगळी इमारत बाईच म्हणते आणि बाईंना वेळ असतो, हेही सगळ्या इमारतीनं धरूनच चाललेलं आहे. पहिल्यांदा मी विचारलं होतं की तिथं येऊन मी करायचं काय. काका म्हणाले, "सांत्वनाला एकट्यानं जाऊ नये. आपण फक्त मान खाली घालून बसायचं. मुख्याध्यापिकेसमोर बसता तसं." मी मुकाट्यानं हेल्मेट घेतलं.

काका खडकीच्या कारखान्यात रेकॉर्ड सेक्शनला होते. माणूस कामाला लागला की त्याचं कार्ड करायचं, निवृत्त झाला की कार्ड कपाटात, गेला की कार्डावर तशी नोंद. चाकरीतली सगळी वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर इतर लोक हास्यक्लबात जातात. काकांनी कॅम्पातलं एक जुनं सरकारी दफ्तर शोधून काढलं. तिथं इंग्रजांच्या काळातल्या शिपायांची आणि कचेऱ्यांतल्या नोकरांची कार्डं आहेत. आता ती संगणकावरही चढवली आहेत, पण काकांना खरं कार्ड हातात लागतं. हातात घेतल्याशिवाय माणूस भेटल्यासारखं वाटत नाही म्हणतात.

एका कार्डावर एक माणूस. नाव, बापाचं नाव, गाव, उंची, छाती, अंगावरची खूण, जवळचा वारस, आणि शेवटच्या रकान्यात त्याचं पुढं काय झालं ते. हे सगळं काका अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस बाहेर रिक्षात बसलाय.

पुण्यात पूर्वज शोधायची हौस दांडगी. रविवारी सकाळी काकांच्या दारात लोक येतात आणि आमचे पणजोबा सरदार होते, जरा बघा, म्हणतात. काका शांतपणे पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव विचारतात. आडनाव विचारत नाहीत, कारण पुष्कळ कार्डांवर आडनावच नाही. ज्यांचा सगळा तोरा आडनावावर असतो त्यांची इथेच पंचाईत होते. बापाचं नाव आठवेना म्हणून सांगलीला आत्याला फोन लावणारे सरदारांचे वंशज मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष सांगत फिरायचे की त्यांचे पणजोबा कलेक्टर कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. काकांना कार्ड सापडलं. पणजोबा साहेबाच्या खोलीतला पंखा ओढत होते. काकांनी ते चारचौघांत नाही, घरी जाऊन सांगितलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला तसे काका म्हणाले, "अहो, त्यांनी दोरी सोडली की साहेबाला घाम फुटायचा. याहून मोठा हुद्दा तुम्हाला कुठला हवाय?" अध्यक्ष हल्ली पणजोबांविषयी बोलत नाहीत, पण काकांच्या नळाची गळती मात्र एका दिवसात दुरुस्त झाली.

हे झालं नोकरीत जगले-वाचलेल्यांचं. जे परमुलखात वारले, त्यांच्या घरी काका स्वतः जातात. फोनवर सांगत नाहीत. व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही. एकदा मी म्हटलं की काका, कार्डाचा फोटो पाठवून द्या, लोकांची दुपारची झोप तरी वाचेल. ते एरवी कधी रागावत नाहीत, पण तेव्हा रागावले. मरणाची बातमी जोडलेल्या हातांच्या चित्राबरोबर पाठवायची नसते, समोर जाऊन बसायचं असतं, असं म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात. तिसऱ्या दिवशी बोलायला कुणी मिळेना म्हणून आपणच आले.

तर मुंढवा. आम्ही गेलो तेव्हा घरात क्रिकेटची मॅच लागलेली. काका खुर्चीच्या कडेवर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आजोबांचं फार वाईट झालं." त्या घरचे आजोबा आतल्या खोलीत झोपलेले होते. सून किंचाळत आत धावली आणि तिनं आजोबांना गदागदा हलवलं. ते उठले आणि चहा झाला का विचारू लागले. कुठले आजोबा, कुठलं युद्ध, याचा उलगडा होईपर्यंत भारताच्या दोन विकेट गेल्या. निघताना मात्र त्याच सुनेनं हवालदारांचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि पोराला पाठ करायला लावलं. अशा घरातून निघाल्यावर काका स्कूटरवर मागं बसून गुणगुणतात. सांत्वनाहून परतताना गुणगुणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात काकांच्या हाताला बाबू धोंडीचं कार्ड लागलं. शोधत होते दुसऱ्याच कुणाला. बाबू धोंडी, शिपाई, गाव वडगाव, जिल्हा पुणे, वारस बायको चंद्रभागा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लष्करी इस्पितळात तापानं मृत्यू. आणि खाली एक ओळ: वारसाला पाठवलेलं पत्र परत आलं, वारस सापडला नाही.

त्या ओळीनं काकांचं जेवण अर्धवट राहिलं. आमटीभात तसाच ठेवून खाली माझ्याकडे आले. "बाई, बातमी पोचलीच नाही हो. ती बाई वाट बघत राहिली असणार."

पुणे जिल्ह्यात वडगावं किती, हे जिल्ह्यालाही नक्की ठाऊक नसेल. बुद्रुक आहे, खुर्द आहे, शेरी आहे, मावळातलं आहे, शिवाय आणखी असतील ती. कार्ड करणाऱ्या साहेबाला पुढचं विचारायचं सुचलं नाही, आणि बाबूला वाटलं असणार, वडगाव म्हटलं की आमचंच. माझी स्कूटर मग वडगावं पालथी घालू लागली. पहिल्या वडगावात एकानं कार्ड नीट वाचलं आणि या बाबूमुळे सातबाऱ्यावर नाव चढेल का, एवढंच विचारलं. दुसऱ्या वडगावात तर घरच्यांनी ताबडतोब बाबूला आपला मानला, डोळे पुसले आणि चार दिवसांत चौकात फ्लेक्स लावला. वर नेत्यांचे मोठाले चेहरे, खाली बाबू. बाबूचा फोटो नव्हता म्हणून इंटरनेटवरून एक शिपाई घेतलेला, तो चेहऱ्यानं जरा गोराच होता. नंतर कळलं, त्यांचे आजोबा नव्वदी गाठून घरच्याच पलंगावर गेले होते. काकांनी हात जोडून फ्लेक्स उतरवायला सांगितला. ते म्हणाले, राहू दे की, कुणाचा तरी असंलच.

प्रत्येक वडगावात काका आपला नंबर ठेवून येत होते, त्यावर शेवटी वाघोलीहून फोन आला. वाघोलीजवळच्याच एका वडगावचं कुटुंब, जमीन बिल्डरला देऊन आता वाघोलीत टॉवरमध्ये राहणारं. घरात हिराबाई म्हणून आजी, ऐंशीच्या पुढं वय. आईचं नाव चंद्रभागा, वडिलांचं बाबू, आजोबांचं धोंडी. बाप लढाईवर गेला तेव्हा हिराबाई पाळण्यात होत्या. फोन त्यांच्या नातवाचा, आणि फोन करून तो सांगत काय होता, तर येऊ नका.

"सर, आजीला नका सांगू प्लीज," तो म्हणाला. "तिच्या मते तिचा बाप पळून गेला, तिकडेच दुसरं लग्न केलं. सगळं गाव हेच म्हणायचं. तिनं लाइफभर राग धरलाय त्याच्यावर. आता या वयात तिला त्रास कशाला?"

काकांनी फोन ठेवला. जावं की नाही, असं त्यांनी मला चक्क विचारलं. मी म्हटलं, पोराचं काही चूक नाही, म्हातारीला काही झालं तर तुम्ही काय करणार? काकांनी मान हलवली. संध्याकाळी पुन्हा खाली आले तेव्हा आवाज नेहमीसारखा झाला होता. "बाप तिचा आहे. बातमीही तिची आहे. नातवानं फार तर दार उघडावं." आणि त्यांनी नातवाला फोन करून हेच सांगितलं, फक्त दार उघडावं हे जरा गोड शब्दांत. पोरगा भला होता. या म्हणाला.

हिराबाई हॉलमध्ये खाली सतरंजीवर बसल्या होत्या, भलामोठा सोफा रिकामा ठेवून. काका सोफ्यावर टेकले आणि लगेच उठून त्यांच्यासमोर खाली बसले. गुडघे दोनदा वाजले.

"हिराबाई, तुमचे वडील गेले."

"कवा?"

"लढाई चालू होती तेव्हाच. इस्पितळात होते. ताप आला होता."

"म्हंजी पळून न्हाय गेला?"

"नाही. शेवटच्या दिवसापर्यंत हजेरीवर होते."

नातू पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. म्हातारीनं तो घेतला नाही. "आई म्हनायची, येनार हाय. मरंस्तवर कुंकू लावलं तिनं. बाया हळदीकुंकवाला बोलवायच्या आन् माघारी हसायच्या. म्या बी तिला येडी म्हनायची." मग त्या रडल्या. वय झालेली माणसं रडतात तशा नाही, बाप गेल्यावर मुलगी रडते तशा, मोठ्यानं आणि त्याला हाका मारत. माझ्यानं मान खाली घालून बसवेना, मी सरळ डोळे पुसले. काका मात्र बसून होते. मधेच सांत्वनाचा शब्द बोलले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही.

रडणं ओसरल्यावर हिराबाई भिंतीला धरून उठल्या आणि न्हाणीघरात गेल्या. बातमी ऐकली की डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं, ते त्यांनी घेतलं. नातवाला काही कळेना. त्याला वाटलं आजीला चक्कर येईल, तो दाराबाहेर घिरट्या घालत होता. ओल्या केसांनी बाहेर येऊन त्या पुन्हा काकांसमोर बसल्या आणि रीतीप्रमाणे चौकशी केली. घरी कोण कोण असतं?

"मीच," काका म्हणाले.

"आन् मंडळी?"

"गेली. ती टाळेबंदी होती ना, तेव्हा."

"मंग कोन कोन आलं व्हतं भेटाया?"

खरं उत्तर मला माहीत होतं. कुणीच नाही. काकूंना दवाखान्याच्या गाडीतून नेलं ते शेवटचं. इमारत बांबू लावून बंद केलेली. आम्ही त्यांच्या दाराच्या कडीला डबा अडकवायचो, घंटी वाजवायचो आणि खाली पळायचो. तेव्हा शहाणी माणसं तसंच वागत होती. काकांच्या फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं मात्र खूप आली. बंदी उठली तोवर इतके दिवस झाले होते की आता कसं जायचं, असं प्रत्येकाला वाटलं. मलाही वाटलं.

"बंदी होती," एवढंच काका म्हणाले. परतीच्या वाटेवर ते गुणगुणले नाहीत.

पुढच्या आठवड्यात दुपारी आमच्या दाराशी गाडी थांबली. नातवाचा हात धरून हिराबाई उतरल्या. प्रत्येक जिन्यावर थांबत, कठडा धरत त्या वर चढल्या. मी पुढं होऊन काकांचं दार वाजवलं. काका बनियनवर होते. त्यांना वाटलं कार्डात काही चूक निघाली. सदरा चढवत त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"न्हाय. तुमाला भेटाया आले," हिराबाई म्हणाल्या आणि खाली फरशीवर बसल्या. शेजारची जागा त्यांनी हातानं थोपटली. काका बसले. "काय झालं व्हतं त्यास्नी?"

दुसऱ्यांची मरणं काका दोन वाक्यांत सांगतात, दिवस, जागा, कारण. हे त्यांना तसं सांगता येईना. कुठून कुठं जात होते. मधेच काकूंच्या हातच्या लोणच्याचं सांगितलं, मधेच दवाखान्याच्या दारातल्या शिपायाचं, ज्यानं आत सोडलं नाही. मग म्हणाले, "नलूचा चष्मा इथंच राहिला." इतक्या वर्षांत काकूंचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "गडबडीत टेबलावर राहिला. मी नेऊन दिला, त्यांनी घेतला नाही. तिला त्याच्याशिवाय समोरचं माणूस ओळखू येत नाही हो. शेवटी तिला काय दिसलं असेल? कुणाचं तोंडसुद्धा दिसलं नसेल."

हिराबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"चष्मा नव्हता ना," त्या म्हणाल्या, "मंग जो कोन जवळ आला आसंल, त्यो तिला तुमीच वाटला आसंल."

भालेघरे काका तिथं फरशीवर बसून रडले. नातवानं हळूच बूट काढले आणि तोही आमच्या शेजारी खाली बसला.