पडद्यामागचा डावरा

आमच्या तात्यानं उभ्या जन्मात एकही पिक्चर पुढून बघितला नव्हता. कोल्हारात जत्रेला तंबूचं थेटर यायचं. पडदा मधोमध टांगलेला. पुढं आम्ही शहाणी माणसं. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, मध्ये जाड दोर. पडद्याच्या मागं निम्म्या तिकिटात बसणारे थोडेच, त्यांत तात्या बायकोसकट ठरलेला. बरं, गडी काही कंगाल नव्हता. प्रवरेकाठी ऊस होता, बैलजोडी होती. पण बसायचा मागंच. पडद्यावरची नावं उलटी दिसतात म्हटलं, तर म्हणायचा, "नावं वाचायला कोन जातं मास्तर? नावं रेशनकार्डावर बी असत्यात."

मी हायस्कुलात भूमिती शिकवायचो. म्हणजे मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती, आणि गावाचा नाइलाज होता.

आमचा वाद एकाच पिक्चरवरून. तलवारबाजीचा पिक्चर, तोंडाला काळं फडकं बांधलेला हिरो. तंबूवाला तो पुन्हा पुन्हा आणायचा आणि गाव पुन्हा पुन्हा लोटायचं. तात्या म्हणायचा, हिरो डावरा आहे. मी म्हणायचो, उजव्या हाताचा आहे. तू मागून बघतोस म्हणून तुला उलटं दिसतं. त्यावर त्याचं पालुपद ठरलेलं, "म्या डोळ्यानं बघितल्यालं हाय, कानानं न्हाई." शेवटी एकदा मी पाटीवर आकृती काढली, घरून आरसाही आणला. तात्यानं आधी आरशात मिशा नीट केल्या. मग आरशातल्या माझ्या हातातल्या खडूकडं बराच वेळ बघून म्हणाला, "म्हंजी तुमी बी डावरंच की." त्या दिवसापासून हॉटेलात मला चहा आला की कपाचा कान कुणीतरी मुद्दाम डावीकडं फिरवून ठेवायचा.

त्या पिक्चरच्या शेवटी खलनायक बुरजावरून उडी टाकून निसटायचा आणि हिरो तलवार उंचावून सांगायचा की, पुन्हा गाठ आहे. त्या गाठीची वाट बघत गावातल्या पोरांची लग्नं झाली, पोरांना पोरं झाली. आणि एका जत्रेला तंबूवाल्यानं बोर्ड लावला, दुसरा भाग आला. मी हरखलो. भूमितीच्या तासाला वर्गाला पहिला भाग सांगितला, तोही फूटपट्टी उपसून.

पण त्या वर्षी जागा कमी पडली म्हणून तंबूवाल्यानं पडदा सोसायटीच्या गोडाऊनच्या भिंतीला चिकटवूनच बांधला. मागं बसायला जागाच नाही. मी लगेच हॉटेलात पैज लावली. तात्यानं पुढं माझ्या शेजारी बसायचं. हरेल त्यानं चारचौघांत म्हणायचं, मला डोळ्यांनी दिसत नाही. तात्यानं हातातली बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "बरं. पर एकटाच येतो. म्हैस व्यायला झालीय, मंडळी घरीच ऱ्हातीय."

पहिल्या खेळाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर घोडा आला, पण त्याच्याआधी हिरोचं पोट आलं. मी शिट्टी मारायला बोटं तोंडात घातली होती, ती तशीच राहिली. पहिल्या भागातला पांढरा घोडा आता तांबडा झाला होता. एक पैलवान म्हणाला, घोडा बदलला ते बरं केलं, जुन्याला हे वजन झेपलं नसतं. केस कापणारा बबन हिरोच्या केसांच्या टोपाचं माप काढत होता. बायकांच्या बाजूला तर हिरो घोड्यावर चढताना कुणीतरी "आई गं" म्हणालं आणि सगळ्या हसत सुटल्या. मला मात्र रडू यायला लागलं. इतकी वर्षं वाट बघितलेला आपला माणूस असा धापा टाकताना बघवत नव्हता. त्यात माझीही ढेरी शर्टाची बटणं ओढत होती.

तेवढ्यात हिरोनं तलवार उपसली. उजव्या हातानं. मी डोळे पुसून तात्याला कोपर मारलं. तात्या म्हणाला, "डाव्याला मार लागला असंल. थांबा जरा."

थांबलो. हिरोनं उजव्या हातानं लगाम धरला, उजव्या हातानं पाणी प्यायलं, शेवटी उजव्या हातानंच खलनायकाला लोळवलं. लोक कधीच हसून दमले होते. सगळ्या तंबूत एकटा तात्या पुढं वाकून, हात जोडल्यासारखे धरून बघत होता.

परत निघालो तेव्हा मी विजयी वीर होतो. हॉटेलात उद्या काय काय म्हणायचं याची जुळवाजुळव चालली होती. नदीच्या वळणावर तात्या थांबला.

"मास्तर, आमची मंडळी डावरी हाय. नवी नवरी हुती तवा डाव्या हातानं वाढलं का म्हातारी ताट सारायची. हातावर उलथनं मारायची. म्या आईपुढं काय बोलनार? जत्रेत न्हेलं पिक्चरला. पुढं बसलो असतो तर मधी दोर. म्हनून मागं, शेजारी शेजारी. ह्यो गडी डाव्या हातानं लढतोय बघून लई हसली वो. घरी येऊन म्हातारीला सांगितलं, येवढा मोठा शूर मानूस, त्यो बी डावराच हाय. तवापासून म्हातारी तिच्या हातचं खातीय."

"आणि तुला माहीत होतं? तो उजव्या हाताचा आहे ते?"

"तुमी आरसा दावला तवाच कळलं की."

माझी पाटी, माझी आकृती, सगळं आठवून कानशिलं तापली.

तात्याच्या ओसरीवर म्हातारी वाटच बघत बसली होती. तिनं तात्याला विचारलंच नाही, मला विचारलं. "तुमी मास्तर हाय, खोटं बोलायचं न्हाई. कंच्या हाताचा हाय त्यो?" आत चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

मी भूमितीचा मास्तर. म्हटलं, "डावराच आहे, आजी. डोळ्यांनी बघून आलो."

भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. वहिनींनी मला जेवायला बसवलं आणि भाकरी वाढली, डाव्या हातानं. वर नको नको म्हणेपर्यंत तूप ओतलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात, अख्ख्या गावानं तो उजवा हात बघितलेला असताना, मी उभा राहून म्हणालो की, मला डोळ्यांनी दिसत नाही. गाव पोट धरून हसलं. अजूनही हसतं. तात्या तेवढा बशीत बघत राहिला, मग माझ्या कपाचा कान त्यानं नीट उजवीकडं फिरवून दिला.

पुढच्या जत्रेत पडदा पुन्हा मधोमध लागला. आमच्या हिला घेऊन मी मागं गेलो. तात्यानं आणि वहिनींनी सरकून जागा केली. लग्न झाल्यापासून दोघं कितीदा पिक्चरला गेलो होतो, पण शेजारी बसायची ही पहिलीच वेळ. थोड्या वेळानं पडद्यावर पंगत बसली, तेव्हा हिनं माझ्या कानाशी विचारलं, "अहो, हे सगळे डाव्या हातानं का जेवताहेत?"

म्हटलं, "डावरेच आहेत ते."