मास्तर बसायला गेले

टेलर मास्तरांनी वकीलसाहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, त्या दिवशी त्यांच्या बायकोने बॅग भरली. बाही उसवता येते, नवरा उसवता येत नाही, असं ती म्हणाली. दारू सोडणाऱ्यांच्या एखाद्या गटात आजच्या आज जाऊन बसलात तर ठीक, नाहीतर मी चालले भावाकडे. ही बाई बोलली म्हणजे करणार, हे मास्तरांना चढलेली असतानाही कळायचं, आणि आज तर उतरलेली होती.

आता गट काय कमी आहेत? पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पहिला गट भल्या पहाटे भरायचा, आणि पहाटे उठू शकणारा माणूस दारुडा कसला, असा मास्तरांचा सवाल. दुसऱ्या गटाचे प्रमुख निघाले नेमके ते वकीलसाहेब. शेवटी तिसऱ्या गटाला बायकोने स्वतः फोन लावला. पलीकडचा माणूस मोठा गोड. आम्ही रोज संध्याकाळी बसतो, म्हणाला, गॅरेजपाशी या आणि जिना चढून वर.

घोळ झाला तो इथे. आपल्याकडे माणूस रुसून बसतो, गप्प बसतो, डोकं धरून बसतो. पण संध्याकाळी चार पुरुष नुसतेच ‘बसतात’ तेव्हा काय करतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मास्तर पोचले तर गॅरेजच्या दोन्ही अंगांना दोन जिने. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्यांनी विचारलं, इथे संध्याकाळी बसतात ते कुठे हो? दुकानदाराने त्यांचे डोळे पाहिले, थरथरते हात पाहिले आणि क्षणाचाही विचार न करता उजवा जिना दाखवला.

वरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. मध्ये टेबल, त्यावर पाण्याचा जग, रिकामे ग्लास आणि भांडंभर बर्फ. सोय चांगली आहे, असं मास्तरांना वाटलं. गॅरेजवाला, एक विमा एजंट आणि एक टॅक्सी ड्रायव्हर असे तिघे आधीच हजर होते. गॅरेजवाल्याने हसून स्वागत केलं आणि कोणी पाठवलं ते विचारलं.

“बायकोने,” मास्तर म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “नशीब काढलंत राव,” एजंट म्हणाला.

तुम्ही रोज येता का, असं मास्तरांनी भीत भीत विचारलं. ड्रायव्हरने छातीवर हात ठेवून सांगितलं की तापातसुद्धा कधी खाडा केला नाही. मास्तरांना अगदी भरून आलं. याला म्हणतात निश्चय. ते उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “मी दारुडा आहे.”

“अहो, इथे कोण नाही? बसा,” गॅरेजवाला म्हणाला.

पण मास्तर आता थांबणार नव्हते. दोन डाव्या बाह्यांपासून त्यांनी सुरुवात केली, ते थेट बायकोच्या बॅगेपर्यंत आले. “हात असा थरथरतो की सुईत दोरा तीच ओवून देते,” ते म्हणाले. “ओवताना काही बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.”

गॅरेजवाल्याने टेबलाखाली हात घातला, तर एजंटने तो धरला. मग एजंट स्वतःच सुरू झाला, आणि बोलता बोलता रडायला लागला. बर्फ वितळतोय रे, असं गॅरेजवाल्याने दोनदा सांगून पाहिलं. कोणाचं लक्ष नाही. एजंटचं संपलं तशी ड्रायव्हरने खुर्ची पुढे ओढली. एकदा सासऱ्यांना स्टँडवरून आणायला गेलो, तो म्हणाला, आणि भलताच म्हातारा घरी घेऊन आलो. तो म्हातारा पोटभर जेवला आणि वर बायकोला विचारतो—

एवढ्यात गॅरेजवाल्याचा धीर सुटला. त्याने बाटली काढून टेबलावर आपटली.

मास्तरांनी बाटलीकडे पाहिलं. बाटली ओळखीची होती, अगदी घरच्या माणसासारखी. ही परीक्षा असणार, असं त्यांनी ठरवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

आणि दारात त्यांची बायको. तिने त्या गोड माणसाला पुन्हा फोन केला होता, मास्तर पोचलेच नाहीत असं ऐकलं होतं आणि त्याच दुकानदाराला विचारून ती वर आली होती. तिने बाटली पाहिली, मग नवरा पाहिला.

“अगं, मी नुसता बसलोय,” मास्तर म्हणाले. याहून वाईट वाक्य त्यांना सापडलं नसतं.

ती जवळ आली आणि तिने त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मग पुन्हा घेतला. काहीच नव्हतं.

गॅरेजवाला हात जोडून पुढे आला. “वहिनी, पाया पडतो, ह्यांना घेऊन जा. हे पीत नाहीत आणि आम्हाला पिऊ देत नाहीत. आमच्या बैठकीचं वाटोळं केलं ह्यांनी.”

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आजवर किती दारांतून तिने या माणसाला खांद्यावर टाकून नेलं होतं. पीत नाही म्हणून घेऊन जा, हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होती.

“नाही नेत,” ती म्हणाली. मास्तर उठायला लागले तर तिने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, शेजारची खुर्ची ओढली आणि ड्रायव्हरकडे वळली.

“हं, भाऊ. काय विचारलं मग म्हाताऱ्याने?”