सोल्डरच्या वहीतली गच्ची

आमच्या घरी छत्री घ्यायची ठरली तेव्हा ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता. ही छत्री म्हणजे गच्चीवर आकाशाकडे तोंड करून बसते ती, टीव्हीची. तिला आमच्याकडे सगळे छत्रीच म्हणतात. या एका शब्दाने पुढे कागदोपत्री जो घोळ घातला तो सांगतोच, पण आधी घेतली कशासाठी ते सांगायला हवं.

घेतली सासऱ्यांसाठी. सासूबाई गेल्यावर बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. त्यांचं सगळं आयुष्य बोटीवर, इंजिनाच्या खोलीत गेलेलं. आमच्याकडे आल्यापासून ते उंबरठ्याबाहेर पडले नव्हते. जेवायला बसायचे, 'वाढ' आणि 'पुरे' एवढे दोनच शब्द बोलायचे आणि उठायचे. एकदा बायकोने विचारलं, "बाबा, तुम्हाला काय पाहायला आवडेल?" तर म्हणाले, "तिकडची हवा."

ते बोटीवर असताना सासूबाईंच्या प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं असे, 'तिकडे हवा कशी आहे?' आता तिकडच्या बंदरांची हवा सांगणारी एक परदेशी वाहिनी आहे म्हणे. पण केबलवाल्याकडे ती नव्हती. सरळ मार्गाने ती कोणी विकतच नव्हतं. मग उरला सोल्डर.

सोल्डर म्हणजे आमच्या गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा. कानामागे पेन्सिल ठेवावी तशी तो सोल्डरिंगची तार ठेवायचा, म्हणून हे नाव. त्याने गच्चीवर छत्री बसवली, टीव्हीखालच्या डब्यात एक कार्ड सरकवलं आणि म्हणाला, "झालं. सगळं जग घरात."

"हे कायदेशीर आहे ना रे?" मी विचारलं.

"तुम्ही पोलिसांत आहात साहेब. तुम्हीच सांगा."

इथे मला एक खुलासा केला पाहिजे. मी पोलीस ठाण्यात कारकून आहे. (गणवेश नाही, दंडुका नाही. चोर सोडाच, ठाण्यातलं मांजरही मला घाबरत नाही.) पंचनामे, जबाब, जप्तीच्या याद्या टाइप करणं हे माझं काम. पण 'साहेब' म्हटल्यावर माझी मान आपोआप ताठ झाली आणि मी भारदस्तपणे 'हं' म्हणालो. ते कार्ड म्हणजे कंपनीच्या कुलपाची नकली किल्ली होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी ते कळून घेतलं नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळी सात ते साडेसात सासरे टीव्हीसमोर. एक बाई अगम्य भाषेत नकाशावर हात फिरवायच्या आणि सासरे बाणांवरून वारा ओळखायचे. मग जेवताना सांगायचे, "आज तिकडे धुकं आहे. बोटी बाहेरच उभ्या असतील." कधी कधी एका धुक्यावरून अख्खी गोष्ट निघायची. बायको पोळी तव्यावर विसरून ऐकत बसायची. करपलेली पोळी अर्थातच माझ्या ताटात यायची, पण माझी तक्रार नव्हती.

आणि मग वरून हुकूम आला. नकली कार्डं आणि बेकायदा छत्र्या विकणाऱ्यांवर धडक कारवाई करा. हुकूम मीच टाइप करून भिंतीवर चिकटवला. पोलीस ठाण्यातल्या माणसाच्याच गच्चीवर चोरीची छत्री! हे उघड झालं असतं तर नोकरी गेलीच म्हणायची. आणि चाळीस शब्दांच्या वेगाने टाइप करण्यापलीकडे मला या जगात काहीही येत नाही.

दुसऱ्याच दिवशी आमच्या ठाण्याच्या साहेबांनी सोल्डरच्या दुकानावर छापा घातला. कार्डं सापडली, डबे सापडले. मी जप्तीची यादी केली आणि लिहिलं, 'छत्र्या: तीन.' दोन दिवसांत मुख्यालयाकडून विचारणा आली, 'जप्त छत्र्या काळ्या आहेत की रंगीत? दांडे शाबूत आहेत काय? छत्री विकणे हा गुन्हा कोणत्या कलमाखाली येतो?' साहेबांनी ते पत्र माझ्यापुढे धरलं. मी सुधारित यादी पाठवली.

पण खरी भानगड छत्र्यांची नव्हती, वहीची होती. दुकानात गिऱ्हाइकांची एक वही सापडली होती. साहेबांनी उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले, "'गळकी टाकी.' 'पाय मोडलेली खुर्ची.' 'कबुतरं.' 'तीन कुंड्या, झाड एकात.' ही काय नावं आहेत?"

"नावं नाहीत साहेब, गच्च्या आहेत," सोल्डर म्हणाला.

"गिऱ्हाइकांची नावं कुठे आहेत?"

"नाव घेऊन मी काय करू? बिघाड झाला की मला वर जावं लागतं. वर नावाची पाटी नसते."

साहेब माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्ही याच भागात वाढलात. उद्यापासून हवालदारांना घेऊन गच्च्या ओळखायच्या. एकतीस नोंदी आहेत, एकही सुटता कामा नये."

सोल्डर समोरच बाकावर बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग छताचा पंखा दुरुस्तीला आलाय का ते निरखायला लागला. बोट दाखवणं त्याच्या हातात होतं. त्याने दाखवलं नाही. मला त्याचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याच वेळी टेबलाखाली शिरावंसंही वाटलं.

वहीची नक्कल घेऊन मी घरी आलो तो थेट गच्चीवर. आमची नोंद कोणती? आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, तेव्हा गच्ची आमचीच, पण मी दोन वर्षांत तिकडे फिरकलो नव्हतो. वर जाऊन पाहतो तर काय, पाय मोडलेली खुर्ची आहे. टाकी गळतेय. कुंड्या तीन आहेत आणि झाड एकात आहे. एकतीसपैकी एकोणीस नोंदी माझ्या गच्चीला लागू पडत होत्या!

मी खुर्ची जिन्यात आणून ठेवली. कुंड्या न्हाणीघरात. टाकीला जुना टॉवेल गुंडाळला. दोरीवरच्या चादरी ओढायला लागलो तशी बायको वर आली.

"अहो, ओल्या आहेत त्या!"

"आत वाळत घाल."

"आत कुठे? आत तुम्ही अर्धी गच्ची आणून ठेवलीय. आपण घर सोडून चाललोय का?"

मी तिला वही दाखवली. ती खाली बसली. मग तिनेच चादरी काढल्या. छत्री मी स्वतः उतरवली आणि पलंगाखाली सरकवली, कार्ड पिठाच्या डब्यात पुरलं. राहता राहिली कबुतरं. ती मी हुसकावून लावली.

सात वाजता सासरे खुर्चीत येऊन बसले. पडदा काळा.

"आज बाई आल्या नाहीत?"

"छत्री बिघडलीय, बाबा."

"मग त्या कारागिराला सांगा."

"तो... बाहेरगावी गेलाय."

"असू दे, जावईबापू. घाई नाही."

असं म्हणून ते उठले नाहीत. साडेसातपर्यंत त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. मी आत जाऊन उगाच कपाट आवरायला लागलो, कारण मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. जेवताना पुन्हा 'वाढ' आणि 'पुरे.' पोळी मात्र अगदी व्यवस्थित भाजलेली होती.

बायको म्हणाली, "नोकरीला घाबरलात ते मला कळतं. पण त्यांना खोटं का सांगितलंत? ते काय लहान आहेत?"

ती उठून बाबांच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार गच्च्या ओळखायला निघालो. हवालदार उत्साही माणूस. आमच्या शेजारच्या गच्चीकडे पाहून ते थबकले.

"भाऊसाहेब, कबुतरं!"

होती खरी. मी हुसकावलेली सगळीच्या सगळी तिथे जाऊन बसली होती. ते घर निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. मला चौथीत त्यांनीच शुद्धलेखन शिकवलेलं.

"बाई, तुमच्याकडे चोरीची छत्री आहे," हवालदार दारातूनच म्हणाले.

"माझ्या घरात टीव्हीच नाही!"

"तोच तर संशय आहे. कुठे लपवलात?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू यांच्याबरोबर आहेस? मग तू सांग ना यांना." एवढंच. मी सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "बाई, उद्या ठाण्यात येऊन जबाब द्यावा लागेल." स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रात्रभर तळमळलो. सकाळी आंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला आणि कबुलीचा अर्ज लिहिला. (सवयीने तीन प्रती.) बायकोला म्हणालो, "आज कदाचित लवकर घरी येईन. कायमचाच." तिने कॉलर नीट केली आणि म्हणाली, "या."

ठाण्यात गेलो तो थेट साहेबांपुढे. अर्ज ठेवला आणि हात जोडून उभा राहिलो. साहेबांनी पहिली प्रत वाचली. मग दुसरी वाचली. मग तिसरीही.

"भाऊसाहेब, छत्री तुम्ही घेतली म्हणता?"

"हो साहेब. सोल्डरला बोलावलं मी, कार्ड लपवलं मी. बाईंचा काही संबंध नाही. कबुतरं माझी."

"मग दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?" त्यांनी खणातून एक कागद काढला. कागदाबरोबर कार्डही होतं, त्याला अजून पीठ लागलेलं. "काल दुपारी तुम्ही गच्च्यांवर होतात तेव्हा तुमचे सासरे आले होते. चालत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "चालत? ते घराबाहेर पडत नाहीत, साहेब."

"तासभर होते इथे. छत्री आपणच घेतली, आपणच बसवून घेतली म्हणाले. कार्ड टेबलावर ठेवलं, जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. मग बाकावर सोल्डरशेजारी बसून त्याला कुठल्या महिन्यात कुठल्या बंदरावर वारा पडतो ते सांगत होते. त्याला जामीन राहायला आज परत येतो म्हणालेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायचंही मला सुचलं नाही.

"विकत घेणाऱ्यांना आपण साक्षीदारच करतोय," साहेब म्हणाले. "हुकुमात तसं लिहिलंय. तुम्हीच टाइप केलाय तो, वाचला नसेल. आता तुमचा अर्ज ठेवून घ्यायचा तर म्हाताऱ्या माणसाने खोटा जबाब दिला असं मला लिहावं लागेल. लिहू?"

मी नकारार्थी मान हलवली. साहेबांनी माझ्या तिन्ही प्रती परत केल्या. "बाईंकडे जाऊन माफी मात्र मागायची. तुम्ही आणि हवालदार, दोघांनी. आणि हा जबाब टाइप करून द्या."

मी जागेवर येऊन बसलो, डोळे पुसले आणि सासऱ्यांचं ठसठशीत अक्षर समोर ठेवून टाइप करू लागलो. 'छत्री मी माझ्या इच्छेने घेतली. मला तिकडची हवा पाहायची होती. यात माझ्या जावयांचा दोष नाही. ते सज्जन आहेत. त्यांना यातले काही कळत नाही. तसे त्यांना कशातलेच काही कळत नाही.'

इथे माझी बोटं थांबली. हवालदार मागून डोकावले, सावकाश वाचलं आणि म्हणाले, "गाळा की शेवटचं वाक्य. कोणाला कळतंय."

"जबाबातला शब्द गाळता येत नाही," मी म्हणालो.

"हां, मग नीट घ्या," हवालदार कागदावर बोट ठेवत म्हणाले. "'कशातलेच'खाली त्यांनी दोन रेघा मारल्यात. तुम्ही एकही मारली नाही."