दूधवाल्याच्या वरचा नंबर

चष्मा न लावता महापौरांनी फोन हातात घेतला आणि तिथेच घात झाला. दूध सारखं फाटत होतं, म्हणून बायकोने दूधवाल्याला बंद करायला सांगितलं होतं. पलीकडून 'हॅलो' येताच महापौरांनी एका दमात बजावलं, "उद्यापासून येऊ नका. पुष्कळ सहन केलं." फोन ठेवून त्यांनी चष्मा चढवला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. फोन दूधवाल्याच्या वरच्या नंबरला गेला होता. तो नंबर त्यांनी 'दरारा' या नावाने ठेवला होता.

दरारा म्हणजे बाई. शाळेत त्यांना गणित शिकवणाऱ्या, आणि आता शहराच्या पाणी मंडळावर नेमलेल्या. मंडळात काम करणाऱ्या त्या एकट्याच. बाकीचे तिघे सदस्य बैठकीला येत ते बिस्किटं खाऊन डुलक्या काढायला. नेमलेल्या सदस्याला काढण्याचा अधिकार महापौरांना कालच मिळाला होता, तोही या तिघांसाठी. पण तो वापरायचा धीर त्यांना होत नव्हता.

माफी मागायला त्यांनी पुन्हा फोन लावला. बाईंचा फोन सारखा व्यस्त.

ते कचेरीत पोहोचले तोवर बातमी गावभर झाली होती. एरवी मान वर न करणारा शिपाई ताडकन उभा राहिला. ज्याने बाईंना काढलं, तो आपल्याला काय ठेवणार, म्हणून दोन सदस्य राजीनामे देऊन गेले होते. तिसरा भर उन्हात टेकडीवर गळकी जलवाहिनी दुरुस्त करून घेत होता. पंपाचा सुटा भाग मिळतच नाही म्हणणाऱ्या अभियंत्याला तो स्वतःच्याच कपाटात सापडला.

दुपारी टेकडीवरच्या नळांना बऱ्याच दिवसांनी पाणी आलं. एक आजी भरलेली बादली बाजूला सारायची विसरून नुसती धारेकडे बघत होती. तिच्या शेजारी महापौरही तसेच उभे राहिले. आपल्या तोंडून निघालेल्या चार शब्दांत एवढी ताकद असेल, हे त्यांना खरंच वाटेना.

संध्याकाळी ते चोरासारखे बाईंच्या दारात गेले.

"बाई, सकाळी चूक झाली. ते तुमच्यासाठी नव्हतं."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "माझ्याशी तू न अडखळता कधी बोललायस का?"

"मग गावभर बातमी कुणी केली?"

"मी. सकाळभर फोन करत होते. तुझ्या हातून कुणाला काढणं झालं नसतं, म्हणून म्हटलं, सुरुवात माझ्यापासून झाली असं सांगावं."

महापौरांनी विचारलं, "मग उद्या बैठकीला याल ना?"

"येणारच. वेळेवर ये."