आजोबापद आणि योगेंद्ररावांची शाहपूर मोहीम

तापीमाईच्या कृपेने, बऱ्हाणपूर मुक्कामीच्या रसिक मंडळींच्या आग्रहावरून, दूरचित्रवाणीचे जुने नायक राजश्री योगेंद्रराव लोधीपुरेकर यांनी वयाच्या साठीत रूपाची अब्रू कैसी राखिली, ते वर्तमान जैसे घडले तैसे येथे लिहिले जाते.

राव मूळचे बऱ्हाणपूरकडील लोधीपुऱ्याचे. तरुणपणी मुंबई प्रांती गेले आणि रोजच्या मालिकेत डॉक्टर जाहले. एके दिवशी ते डॉक्टर टॉवेल गुंडाळून, ओल्या केसांनिशी न्हाणीघरातून बाहेर आले. तो प्रसंग पाहोन बऱ्हाणपुरात घरोघर भाकरी करपल्या, पुरुष मंडळी उपाशी निजली आणि न्हाव्यांकडे डॉक्टरी भांगाची रीघ लागली. मग काळ फिरला. राव थोरले दीर जाहले, मग सासरे जाहले, आणि दर बढतीस सदऱ्याची एकेक गुंडी बंद होत गेली. अखेर वैशाख मासी वाहिनीचे फर्मान आले की, आता आजोबा व्हावे, खाटेवर पडून खोकावे, जबाब सूर्यास्तापूर्वी द्यावा. वर्षभरात दुसरे काम चालून आले नव्हते. हे नाकारिले तर कॅमेऱ्याचे दर्शन पुन्हा घडेल ऐसा भरवसा नव्हता.

राव तेव्हां लोधीपुऱ्यास घरी होते. कुटुंब सुनंदाबाई यांनी मसलत दिली, "घ्या ना काम. खोकायचं मी शिकवते."

हा टोला रावांच्या काळजास लागला. त्याच दिवशी शाहपुरास शालिग्रामशेठ यांच्या साडी दुकानाचे उद्घाटन रावांचे हस्ते ठरले होते. रावांनी मनसुबा केला की, शाहपूरच्या स्त्रिया आजही घायाळ जाहल्या तर आजोबापद झुगारावे, मग घरी बसणे आले तरी बेहत्तर. मग केसांस व मिशांस काळाभोर कलप चढविला, पोटास पट्टा आवळिला, वरून तंग कोट घातला, आणि सुनंदाबाईंस संगे घेऊन केळीच्या बागांमधून मोटारीने कूच केले. पट्ट्यामुळे श्वास अर्धाच येत होता. परंतु आरशात पाहता खाशी स्वारी वीस वर्षांनी मागे गेली होती.

शाहपुरी ढोल वाजले आणि मुलींची फौज मोबाईल उगारून चालून आली. राव किंचित तिरपे हसले. ती त्यांची जुनी समशेर. तों एकीने वार केला, "अंकल, एक सेल्फी द्या ना! माझी मम्मी तुमच्यासाठी बहोत पागल होती!"

'अंकल' हा एक घाव आणि 'होती' हा दुसरा. राव डगमगले, परंतु अदब सोडिली नाही. मग फीत कापावयास वाकले, तों पोटपट्ट्याने दगा दिला. त्याचा चर्र ऐसा आवाज माईकने साऱ्या बाजारपेठेस ऐकविला. त्याच समयी वैशाखाच्या उन्हाने कलपास फितविले आणि काळे ओघळ गालांवरून गळ्याकडे उतरले. शालिग्रामशेठ साडी नेसविलेल्या पुतळ्याआड दडले.

रावांचे मनी आले की, येथेच सारी कारकीर्द बुडाली. ते दुकानामागील नळावर गेले, पट्टा फेकिला, कोट उतरविला, तोंड डोके खसाखसा धुतले, आणि माफी मागून निघावे ऐशा विचारे, पांढऱ्या ओल्या केसांनिशी, दुकानापुढील चौथऱ्यावर परत आले.

तों दापोऱ्याच्या केळीबागाईतदार मालूबाई, वयाने रावांच्या बरोबरीच्या, पहिल्या रांगेतून उठल्या.

"डॉक्टरसाहेब," त्या गरजल्या, "तवा तं निसतं पोरगं दिसत होते. आता कुठं मर्दमानूस दिसून राह्यले!"

आणि बागेतली पाखरे हाकलावी तैसी, दोन बोटे तोंडात घालून त्यांनी शिट्टी मारिली. मग एकच गहजब उडाला. आया, आज्या शिट्ट्या घालू लागल्या, आणि मघाच्या मुली आता स्वतःसाठी सेल्फी मागू लागल्या. रावांचे कान लाल जाहले. मुंबईत लाजावयाचे ते दिग्दर्शकाच्या हुकुमाने, आज बिनहुकमाने लाज आली. आजवरच्या संसारात कोणा नायिकेचा हेवा न केलेल्या सुनंदाबाई तडक चौथऱ्यावर चढल्या आणि रावांचा कोपर धरून मालूबाईंकडे रोखून पाहत उभ्या राहिल्या.

त्याच आवेशात रावांनी तेथूनच वाहिनीस फोन लाविला आणि तहाची कलमे सांगितली की, आजोबा होणे कबूल. परंतु आजोबा खाटेस शिवणार नाहीत, खोकणार नाहीत, पहाटे अंगणात जोर काढतील, आणि शेजारच्या निवृत्त संगीत शिक्षिका ते पाहोन तंबोऱ्याची तार तोडतील. पलीकडे बराच वेळ खल जाहला. मग उत्तर आले की, खर्च वाढत नसल्यास मंजूर.

येणेप्रमाणे शाहपूरची मोहीम सूर्यास्तापूर्वी फत्ते जाहली, हे सर्वांस विदित व्हावे. फोन ठेवण्याआधी सुनंदाबाईंनी तो हाती घेऊन एक कलम जातीने वाढविले: शिक्षिकाबाईंनी काय पाहायचे ते कुंपणापलीकडूनच पाहावे. तेही वाहिनीने निमूट मान्य केले.