हात कुणी उचलला

आमचे मोठे दीर सोपानदादा पाण्याचा तांब्या उचलायचे, तोंडापर्यंत न्यायचे आणि थांबायचे. डोळे बारीक करून हाताकडं बघायचे. मग म्हणायचे, "हं, मीच." आणि मग प्यायचे.

पहिल्या घासाला तेच. चपलेत पाय घालताना तेच. शिंक आली तर मात्र लगेच सांगायचे, "ही माझी न्हाई."

लग्न होऊन मी थेरगावला या घरात आले, त्या दिवशी त्यांच्या पाया पडले. आशीर्वाद द्यायला त्यांनी हात उचलला आणि माझ्या डोक्यावर वीतभर उंच धरून विचार करत बसले. मी वाकलेली. कंबर भरून आली. सासूबाई म्हणाल्या, "ठेव की रं बाबा, पोर मोडंल." मग कुठं हात टेकला. "मीच हाय," दादा म्हणाले. इतका तपासून घेतलेला आशीर्वाद दुसऱ्या कुठल्या नवरीला मिळाला नसेल. त्याचा गुण काय आला ते मी सांगत नाही.

घर दोन खोल्यांचं. बाहेर सासूबाई आणि दादा, आत आम्ही दोघं आणि चूल. दादा आणि आमचे हे एकाच कंपनीत. हे मशीनवर, दादा स्टोअरला. दादाही पूर्वी मशीनवरच होते, पण त्यांना फिट यायला लागल्या तेव्हा तिथून हलवलं. स्टोअरच्या खिडकीशी नट-बोल्ट मागायला गेलेला माणूस म्हातारा होऊन परत येतो, असं हे म्हणायचे. दादा सामान पुढं करायचे, पण देणारा हात आपलाच आहे याची खात्री होईपर्यंत सोडायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी ओढाओढ चालायची.

बाजारात तर त्यांना पाठवूच नये. भाजीवाली म्हणायची, गवार कोवळी आहे, घ्या. दादांचा हात गवारीकडं जायचा आणि मध्येच थांबायचा. "तू म्हणलीस म्हणून गेला. हे माझं घेणं न्हाई." तिनं गप्प राहावं तर म्हणायचे, ती गप्प बसली म्हणून भेंडीकडं गेला. शेवटी मोकळी पिशवी घेऊन घरी. भाजीवाली त्यांना लांबून बघितलं की टोपलीवर पोतं टाकायची.

कंपनीत संपाचं वारं होतं तेव्हाची गोष्ट. गेट मीटिंगला पुढारी स्टुलावर चढले आणि म्हणाले, संप हवा असेल त्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले. दादांचाही गेला. मग त्या शांततेत दादा मोठ्यानं म्हणाले, "माझा हात वर हाय, पर मी न्हाई केला. शेजारच्याचा गेला, त्याच्यामागं गेला."

पुढारी म्हणाले, "मग खाली घ्या की राव."

"खाली घेईन. पर तुम्ही म्हणलात म्हणून घेतला, असं व्हईल."

आजूबाजूचे चार-पाच जण आपापल्या हाताकडं बघायला लागले. ह्यांनी दादांना दंडाला धरून मागं ओढलं म्हणून मार वाचला. संप झाला, लांबला, मोडला. लोक मान खाली घालून, लिहून देऊन परत कामावर गेले. नंतर बघावं तर हात वर केलेला एकही माणूस सापडेना. ज्याला विचारावं तो म्हणायचा, मी कुठं केला, सगळ्यांचे उठले म्हणून उठला. हे दादांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून दादा येडे.

हे येड कुठून लागलं, ते दादा कुणालाही सांगायचे. दूधवाल्यालासुद्धा.

फिट थांबेनात तेव्हा त्यांना मुंबईला मोठ्या इस्पितळात पाठवलं होतं. तिथं त्यांचं डोकं उघडलं, पण भूल नुसती कातडीला दिली. माणूस जागा. डॉक्टर त्यांच्याशी गप्पा मारत होते, गाव कुठलं, पीक काय येतं. आणि बोलता बोलता एक बारीक तार मेंदूला लावून बघत होते. कुठली जागा काय काम करते ते कळलं पाहिजे, नाहीतर कापताना भलतंच कापलं जायचं. तारेत अगदी थोडी वीज. दुखत नाही म्हणे. एका जागी तार लागली आणि दादांचा हात आपोआप वर गेला. डॉक्टरांनी विचारलं, हात का उचलला? दादा म्हणाले, "मी न्हाई उचलला. तुम्ही उचलला."

डॉक्टरांनी पुन्हा लावली, पुन्हा उठला. दादांनी दुसऱ्या हातानं तो दाबून धरायला बघितलं. डॉक्टर खूश झाले. शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांना काहीतरी इंग्रजीत सांगितलं, मग दादांना मराठीत. ते म्हणाले, मी इतकी डोकी उघडली. तारेनं हात उचलता येतो, पाय हलवता येतो, जुनं गाणं कानात वाजवता येतं. पण तार लावली आणि माणूस म्हणाला, आता मी असं ठरवलं, अशी जागा मला एकाही डोक्यात सापडली नाही.

दूधवाला एवढं ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, दूध किती घालू? तिथं पुन्हा अर्धा तास.

फिट थांबल्या. बाकीचं सगळं सुरू झालं. आळीतल्या बायका म्हणायच्या, झाकण परत बसवताना वाकडं बसलं.

सासूबाईंना मात्र त्या तारेचा फार उपयोग झाला. दादांची बायको इंदू माहेरी निघून गेली होती. ती ऑपरेशनच्या आधीच गेली. मी तिला बघितलंच नव्हतं. सासूबाई सांगायच्या, फिटमध्ये सोपानचा हात उठला आणि इंदूच्या कानावर बसला, त्या कानानं तिला ऐकू येईनासं झालं. त्यात पोराचा काय दोष? मोठ्या डॉक्टरनं तार लावून दाखवलं की, हात त्याच्या हातात नव्हता. हे त्या आल्यागेल्याला सांगायच्या. दादा तिथंच बसलेले असायचे आणि भिंतीकडं बघायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत.

हे ऐकताना मी पदर दंडावर ओढून घ्यायचे. आमच्या ह्यांना फिट येत नाही.

दर दिवाळीला सासूबाई दादांच्या मागं लागायच्या, जा आणि इंदूला घेऊन ये. दादा नवा सदरा घालायचे, बसच्या थांब्यापर्यंत जायचे. तिथं ते उभे दिसायचे. बस यायची, जायची. मग दुसरी. संध्याकाळी परत. मी जेवायला वाढायचे, तर म्हणायचे, "ठरलं की जाईन." मला वाटायचं, बसमध्ये चढणारा पाय आपला आहे का, याचाच घोळ असेल. सगळ्यांनाच तसं वाटायचं. चेष्टा व्हायची.

शेवटी एका रविवारी इंदूच आली. सोबत तिचा भाऊ आणि त्यांच्या गावचे दोन जाणते. ती दाराशी बसली, मान एका बाजूला कलती, चांगला कान बोलणाऱ्याकडं केलेला. भाऊ म्हणाला, चाकणचं एक स्थळ आलंय, बिजवर आहे, किराणा दुकान आहे. "तुम्ही नेतबी न्हाई आन सोडतबी न्हाई. बहिणीला किती वर्सं बसवू?" काडीमोड द्या, म्हणजे चार माणसांत काडी मोडा, की झालं.

सासूबाईंनी फिटची गोष्ट सुरू केली. एका जाणत्यानं हात वर करून त्यांना थांबवलं आणि केरसुणीतली एक काडी उपसून दादांपुढं धरली. हे माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, आता दिवे लागेपर्यंत चालणार. मी चहाचं पातेलं उतरून ठेवलं.

दादांनी काडी घ्यायला हात पुढं केला. इंदू हातभर अंतरावर होती. हात पुढं आला मात्र, तिची मान खांद्यात गेली आणि कोपर कानाशी वर आलं. क्षणभरच. लगेच तिनं पदर सारखा केल्यासारखं केलं. बाकी सगळे काडीकडं बघत होते. मी बघितलं, आणि दादांनी बघितलं.

दादांनी काडी घेतली आणि मोडली. हाताकडं बघितलं नाही, थांबले नाहीत, काही म्हणाले नाहीत. दोन तुकडे जाणत्याच्या हातावर ठेवले. चहाला न थांबता पाहुणे गेले.

त्या दिवसापासून दादांचं येड गेलं. तांब्या उचलायचे, प्यायचे. बसमध्ये चढायचे. स्टोअरची खिडकी भराभर चालायला लागली. भाजीवालीनं पोतं काढून टाकलं. आळी म्हणाली, झाकण बसलं. सासूबाईंनी नारळ फोडला आणि स्थळं बघायला लागल्या.

मारुंजीहून एका मुलीचे वडील आले. पोहे झाले. त्यांनी फिटचं विचारलं, सासूबाईंनी ऑपरेशनचं सांगितलं आणि पाठोपाठ इंदूची गोष्ट, तार, डॉक्टर, सगळं. ऐकून घेतल्यावर दादा म्हणाले, "मला बोलायचं हाय." ते इतकं हळू म्हणाले की, मी आतून दाराशी आले.

"डॉक्टरनं हात उचलला तवा मला कळलं, दुसऱ्यानं उचललेला हात कसा लागतो. परका लागतो. आपल्या खांद्याला कुणाचा तरी हात जोडल्यागत. इंदूवर उचलला तो तसा नव्हता. तो माझा होता. कालवण खारट झालं म्हणून मी मारली. फिट मागनं आली. तवापास्नं बघत आलो, येखादा तरी हात तसा परका उठतोय का. उठला असता तर म्हणलो असतो, इंदूवरचाबी तसाच आसंल. न्हाई उठला."

सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या. मुलीचे वडील पोह्यांतला दाणा दाढेत धरून दादांकडं बघत राहिले. मग दाणा चावला.

"येवढंच ना?" ते म्हणाले. "आवो, कोण मारत न्हाई? मी आपला घाबरलो, म्हणलं आजाराचं काय सांगताय. फिट येत न्हाईत ना आता?"

"न्हाई, न्हाई," सासूबाई म्हणाल्या. आमचे हे मोकळं हसले. पाहुण्यांनी वर आणखी दोन घास पोहे मागितले आणि तिथीचं बोलणं निघालं.

दादा उठले. "मला लगीन करायचं न्हाई," एवढं म्हणून आत आले आणि चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यात बसले. बाहेर सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या, अजून थोडं डोकं जागेवर यायचंय, येईल.

मोठा दीर धाकट्या भावजयीशी कामापुरतं बोलतो. दादांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "सुमन, तुला मारतो का गं तो?"

त्या घरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईनंही नाही. मी फडताळातली ताटं काढून घासायला बसले. सकाळीच घासलेली होती. दादांनी ताटांकडं बघितलं आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ह्यांची शिफ्ट सुटायच्या वेळेला दादा सुपात लसूण घेऊन त्याच उंबऱ्यात येऊन बसले. अंगानं दांडगे, उंबरा सगळा भरला. हे आले, म्हणाले, उठ की दादा, आत जाऊ दे. दादा म्हणाले, येवढी गड्डी झाली की उठतो. गड्डी काही संपली नाही. ह्यांनी बाहेरच हातपाय धुतले, बाहेरच जेवले आणि बाहेरच झोपी गेले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

सासूबाई म्हणाल्या, घरात एवढ्या लसणाचं करायचं काय?

मी बाजाराच्या दिवशी आणखी पदरभर लसूण आणला.